शेवटी कोणी मरत नाही

सोमवार, ३ मार्च

प्रिय आईस,

नमस्कार. आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, पण ते तुला शोभेना. मग खोडावं लागलं आणि खोडाखोड असलेला कागद पाठवणं मला जमत नाही, म्हणून हा दुसरा कागद. इकडे सर्व ठीक आहे. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण छापखान्यात रोज जातात. मी बरा आहे. तू आणि एक्स-रेवाल्या मावशीही बऱ्या असाल.

पत्र पाहून घाबरू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. फोनवर ‘जेवलास का’, ‘तू जेवलीस का’ एवढं झालं की आपण दोघंही गप्प होतो आणि मग तू ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. कागदावर निदान तसं होत नाही. कागद थांबतो.

निमित्त कामाचं आहे. आमच्या थेटरात मालकांनी दर गुरुवारी दुपारी एक नवीन प्रकार सुरू केला आहे. बायकांचं बायकांवर आणि पुरुषांचं पुरुषांवर प्रेम असतं असे सिनेमे. मालकांच्या भाचीनं हे त्यांच्या डोक्यात भरवलं आणि गुरुवारी दुपारी तसंही थेटर ओसच असतं. मला वाटलं होतं, एकतर कोणी येणार नाही, नाहीतर दगड घेऊन येतील. दोन्ही झालं नाही. लोक येतात. तिकीटवाल्या काकू म्हणतात, “खिडकीशी येऊन नुसतं ‘एक द्या’ म्हणतात रे. सिनेमाचं नाव घेत नाहीत. जसं काही मी खरजेचं मलम विकतेय.” दोन पुरुष नेहमी मधली एक खुर्ची रिकामी सोडून बसतात. दिवे गेले की ती खुर्ची रिकामी राहत नाही. मध्यंतराला पुन्हा रिकामी होते. मला वरून, सिनेमाच्या यंत्राशेजारच्या खिडकीतून, सगळं दिसतं.

कोणता सिनेमा बघावा हे लोकांना कळत नाही, म्हणून दाराशी फळा ठेवला आहे. मालक मला म्हणाले, “तू सगळे आधी बघतोस, तर प्रत्येकावर दोन ओळी लिही. अक्षर बरं आहे तुझं आणि चुका करत नाहीस.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“कळायचंय काय? आवडला का नाही ते लिही. समीक्षक बोलावला तर तो मला फुकट बसायला खुर्ची मागेल.”

तेव्हापासून फळा माझ्याकडे. एक आजी मात्र फळा वाचतच नाहीत, थेट मला विचारतात, “पोरा, शेवटी कोणी मरतं का? मरत असेल तर आताच सांग, मी घरी जाऊन पाय शेकत बसते.” आता मी प्रत्येक सिनेमाखाली तेही लिहितो. आई, या सिनेमांत फार मरतात गं. आजारानं, पाण्यात, गाडीखाली. एवढं कशाला मारतात त्यांना, हे मला कळलेलं नाही.

म्हणून वाटलं, न मरणारे दोन तुलाही सुचवावेत. मावशींच्या संगणकावर बघता येतील. नावं परदेशी आहेत, कागदाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिली आहेत.

पहिला शिडीवाल्यांचा. दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे पुरुष. एक वर चढून रंगवतो, दुसरा खाली शिडी धरतो. सबंध सिनेमाभर एवढंच. एकदा खालच्याला ताप येतो आणि त्याच्या जागी दुसरा माणूस शिडी धरायला येतो, तर वरच्याला अक्षरच काढता येत नाही. हा मी पुन्हापुन्हा बघितला आहे.

दुसरा घड्याळाच्या कारखान्यातल्या दोघींचा. थोरली एक दिवस काही न सांगता निघून जाते. मग पुष्कळ वर्षांनी परत येते. शेवटी जिन्यात धाकटी तिच्या गालावर हात ठेवून कितीतरी वेळ बोलते, थोरली मान हलवते आणि खाली उतरते. सामान आणायला गेली असणार. इतका गोड शेवट मी दुसरा बघितलेला नाही. हा तर नक्कीच बघ.

तुम्ही दोघी असे सिनेमे बघता का? की ज्यांच्या घरीच ते आहे त्यांना बघावंसं वाटत नाही? रागावू नकोस. खरंच माहीत नाही म्हणून विचारतो आहे.

बाबांना पत्राचं सांगितलेलं नाही. लपवलंही नाही. नुसतं सांगितलेलं नाही.

तुझा मुलगा


बुधवार, १९ मार्च

प्रिय आई,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी फळा पुसत होतो आणि पाकिटाला खडू लागला, त्याचं फार वाईट वाटलं.

तू लिहिलंस, “अरे, तो घड्याळवाल्यांचा सिनेमा तू कान बंद करून बघितलास का? ती तिला म्हणते आहे, तू गेलीस तेव्हा मी मेले नाही, आता आलीस म्हणून जगायला लागणार नाही, पुन्हा माझ्या दाराशी येऊ नकोस. गालावर हात ठेवून म्हणते आहे, एवढंच. मी त्या रात्री जेवले नाही.”

आई, मला माफ कर. खरी गोष्ट अशी, की मी तो सिनेमा ऐकलेलाच नव्हता.

आमच्या केबिनमध्ये एक छोटा स्पीकर असतो, ऑपरेटरला आत आवाज कळावा म्हणून. तो मी लागायच्या आधीपासून मुका आहे. यंत्राच्या पंख्याची घरघर एवढी, की खाली बंदूक उडाली तरी मला धूर दिसतो फक्त. बरं, पडद्याच्या तळाशी बोलणं लिहून येतं म्हणावं, तर माझी खिडकी कोणा शहाण्यानं अशा जागी काढली आहे, की बाल्कनीच्या कठड्यानं तेवढीच पट्टी झाकली जाते. मी सगळे सिनेमे असेच बघतो. माणसं तोंडं हलवतात, त्यांचं बोलणं मी मनात घालतो. इतक्या दिवसांत सवय अशी झाली आहे, की ते मी घातलं आहे हेच विसरायला होतं.

फळ्यावरही मी ‘गोड शेवट’ लिहिलं होतं. आजी बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडेच. “गोड? याला गोड म्हणतोस? तुझ्या लग्नात मी येऊन असलं गोड बोलून जाईन.” काकू म्हणाल्या, “आजी, जाऊ द्या, त्याला मेलेलं कोणी दिसलं नाही ना.” हसून हसून त्यांची तिकिटं खाली पडली. मी मात्र फळा पुसून टाकला आणि मालकांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “म्हणजे ते शिडीवाले प्रेमात तरी आहेत ना, का नुसते रंगारी आहेत?”

नियम असा आहे, की नवी प्रत आली की बुधवारी सकाळी ऑपरेटरनं ती रिकाम्या थेटरात लावून तपासायची. प्रत सुरू करून खाली जायचं, पुढच्या रांगेत थोडं, मागे थोडं, कोपऱ्यात थोडं बसायचं, आवाज सगळीकडे नीट येतो का बघायचं. मी कधी खाली जात नव्हतो. यंत्र एकटं सोडायची भीती वाटायची. आज गेलो. शिडीवाले पहिल्यांदा ऐकले, तळाशी येणारं बोलणं वाचलं. ते प्रेमात आहेत. आणि सारखे भांडतात! वरचा खालच्याला म्हणतो, “शिडी धरतोस की शिडीला टेकतोस?” मी त्यांना किती शांत समजत होतो.

खाली बसलो असताना एक गोष्ट आठवली, ती लिहू का नको असं चाललं आहे. लिहितो. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला जाड काच होती. तुझा हात मोडला होता, दवाखान्याच्या लाँड्रीतून तुला रजा होती आणि तिथेच एक्स-रे काढणाऱ्या मावशी प्लास्टरची चौकशी करायला यायच्या. तुम्ही दोघी आत बसायचा. मी बाहेर अभ्यासाला. काचेतून तुमची तोंडं हलताना दिसायची. त्या तुझा प्लास्टरचा हात आपल्या मांडीवर ठेवून बोलायच्या. मी ठरवून टाकलं होतं, की एक्स-रेचंच बोलणं चाललं आहे. हाड जुळलं की नाही, पुन्हा कधी यायचं. पुष्कळ महिने ते हाड जुळत होतं.

खरं काय बोलत होता? सगळं सांगू नकोस. थोडं सांग.

मावशींना सांग, त्यांचा ताजा कलम वाचला. “मास्तर, तुझ्या सिनेमातल्या बायका सारख्या खिडकीशी का उभ्या असतात? त्यांना घरात कामं नसतात का?” हे मी फळ्यावर लिहिलं तर चालेल का? मला तुझ्यासारखं ‘मास्तर’ म्हणायचं तू त्यांना शिकवलंस वाटतं.

तुझा मुलगा


गुरुवार, ३ एप्रिल

प्रिय आई,

हाडाचं बोलणं पहिल्या आठवड्यातच संपलं होतं आणि मग तुम्ही बहुतेक वेळ दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नकला करत होता, हे वाचून मी मोठ्यानं हसलो. काकू विचारत होत्या, कोणाचं पत्र. मी म्हटलं, आईचं. त्या म्हणाल्या, “आई आहे का तुला? बोलला नाहीस कधी.” मी म्हटलं, आहे.

आता मी सगळे सिनेमे खाली बसून ऐकतो. त्यामुळे ही शिफारस खात्रीची समज. दोन मुलींचा सिनेमा आहे, दोघी फुटबॉलच्या गोलकीपर. एकाच संघात दोन गोलकीपर म्हणजे एकीनं कायम बाकावर बसायचं, म्हणून एकमेकींचा जीव खातात. मग बाकावरची दुसरीचे हातमोजे सुकवायला लागते. तिथून पुढे सांगत नाही. कोणी मरत नाही. कोणी खिडकीशीही उभं राहत नाही, मावशींना मुद्दाम सांग. आजी दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा बहिणीला घेऊन आल्या आणि तिला दारातच म्हणाल्या, “त्या दोघी मैत्रिणी नाहीत हं, नंतर मला विचारत बसू नकोस.”

त्या मधली खुर्ची सोडणाऱ्या जोडीतला थोरला, त्यानं मला गाठून विचारलं, “फळा तुम्ही लिहिता?” मी म्हटलं, काही चुकलं का? तर म्हणाला, “नाही. आम्ही घरी गेल्यावर वाचून दाखवतो एकमेकांना.” मग गेला. पुढचे दोन दिवस मी प्रत्येक ओळ दोनदा पुसून लिहिली.

आणखी एक. ऐकायला लागल्यापासून मी नीट लक्ष देऊन बघतो आहे, तर असं दिसतं की या सिनेमांतल्या बायकांना मुलं नसतात. नवरा असतो, सासू असते, एखादीला कुत्रा असतो. बाई सामान भरते आणि जाते, तेव्हा घरात मागे रिकामी खुर्ची दाखवतात, पडदा हलताना दाखवतात. पडद्यापेक्षा मुलगा दाखवायला काय हरकत आहे? कदाचित मुलांकडून काम करून घेणं अवघड असेल.

माझं म्हणणं काही नाही. फळ्यावर लिहायला उपयोगी पडेल म्हणून विचारलं. लोकांना कधीकधी घरच्या मुलांना घेऊन यायचं असतं.

हवा बदलते आहे, जपा.

तुझा मुलगा


शुक्रवार, २५ एप्रिल

प्रिय आई,

या वेळी तुझं पत्र आलं नाही, फोन आला. तू ‘जेवलास का’ विचारलंस, मी हो म्हटलं, मग आपण नेहमीसारखे गप्प झालो. पण तू ‘ठेवते’ म्हणाली नाहीस. मागे मावशी नळ सोडत होत्या, बंद करत होत्या, ते मला ऐकू येत होतं. मग तू विचारलंस, “मूल असलेला एखादा सापडला का रे?” मी म्हटलं, नाही अजून. आणि ठेवला मीच. त्यामुळे मला अजून चैन पडत नाही.

तर सापडला.

प्रत परवाच आली. खेळ पुढच्या गुरुवारचा आहे, पण मी थांबू शकलो नाही, आज सकाळीच लावली. शिवणकाम करणारी बाई आहे. नवरा भला आहे, कोणाला मारत बिरत नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे. शेजारी फोटो काढणारी एक बाई राहायला येते. पुढचं तुला सांगायला नको. मध्यंतराच्या जरा आधी, एका सकाळी, बाई बॅग भरते. नवरा मोरीत आहे, पाण्याचा आवाज येतो. ती बॅग दाराशी ठेवते आणि परत आत येते. मुलीच्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे. ती उंबऱ्याशी उभी राहते. आत जात नाही. मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. कॅमेरा पलीकडून दाखवतो, मुलीचे डोळे टक्क उघडे. आईला ते दिसत नाही.

मी पळत वर गेलो आणि यंत्र बंद केलं. प्रत अर्ध्यात थांबवायची नसते, पण थांबवली. तिथे कठड्याला धरून उभा राहिलो. मला एकदम वाटलं, पुढे ती बाई काय करते हे सिनेमा बनवणाऱ्यानं ठरवलेलं आहे, आणि मला ते त्याच्याकडून कळून घ्यायचं नाही.

थेटर काकूंवर सोपवून तसाच छापखान्यात गेलो. बाबांची जेवायची सुट्टी होती. डबा उघडून बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, “आई गेली तेव्हा मला का नाही नेलं?”

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग पुन्हा काढलं. “हे आता कुठून आलं?”

“सिनेमातून.”

“तरी मी म्हणत होतो, याला दुसरीकडे कुठे तरी चिकटवू.” हे ते छपाईच्या यंत्राकडे बघून म्हणाले. बराच वेळ बोटांची शाई पुसत राहिले. ती निघत नाही हे त्यांनाही माहीत आहे. “ती नेणार होती तुला. मी म्हटलं, शाळा आहे त्याची, इथे राहू दे. शाळेचं नाव पुढे केलं. मला एकट्याला राहायचं नव्हतं, हे खरं. ती म्हणाली, त्याला विचारू. मी म्हटलं, उद्या विचारू. उद्या आला तेव्हा दोघांचीही छाती झाली नाही. सगळं बोललो रे आम्ही. न ओरडता बोललो. भांडीसुद्धा वाटून झाली. कुकर कोणाकडे हेसुद्धा ठरलं.”

“आणि मी?”

“तुला विचारायचं राहिलं.”

ती शाळा मी पुढच्याच वर्षी सोडली, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते हसले, आणि मग हसायला नको होतं असं तोंड केलं. मी तुला पत्रं लिहितो आहे हे तिथेच सांगून टाकलं. म्हणाले, “माहीत आहे. तू कागद किती वाया घालवतोस ते केराच्या टोपलीत दिसतं.” मी विचारलं, दोघींना बोलावू का थेटरात? त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले. मग म्हणाले, “बोलाव. मी नाही यायचा. पण ती एक्स-रेवाली येणार असेल, तर माझ्या गुडघ्याचा फोटो तुझ्याकडे देऊन ठेवतो. इथला डॉक्टर म्हणतो काही नाही. तिला कळेल काही आहे का ते.”

तर आई, येत्या बुधवारी सकाळी तपासणीचा खेळ आहे. थेटरात माझ्याशिवाय कोणी नसतं. तू आणि मावशी या. कुठेही बसा, सगळ्या खुर्च्या मोकळ्या. शिफारस मात्र मी अर्ध्याच सिनेमाची करू शकतो. शेवटी कोणी मरतं का हे मला माहीत नाही. आजींना अजून काही सांगितलेलं नाही.

मी रागावून बोलावत नाही. राग असेल असं मलाही वाटलं होतं, म्हणून आज परतताना चालता चालता शोधला. सापडलं दुसरंच. मला विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो? इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की ‘आईबरोबर’ म्हणालो असतो. आज बाबा बोटं पुसत बसले होते तेव्हा वाटलं, कदाचित नसतो म्हणालो. कदाचित मी कुकरचं काय ठरलं एवढंच विचारलं असतं. मला खरंच माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायचं आहे. एकट्यानं विचार करून ते कळणार नाही. तू विचारल्यावर माझ्या तोंडून जे येईल, ते.

म्हणून उत्तर पत्रानं पाठवू नकोस. फोनही करू नकोस. बुधवारी ये आणि दिवे घालवायच्या आधी मला विचार. आता त्यातून कुठे राहायला जायचं वगैरे काही ठरणार नाही, मी मोठा आहे, थेटराची किल्ली माझ्याकडे असते. तरी विचार.

दार आतून ढकलून लावलेलं असतं. कडी नसते. त्या दिवशी तू उंबऱ्यापाशी थांबलीस तशी थांबू नकोस, सरळ आत ये.

मीही जागा होतो, आई.

तुझा,
मास्तर